सेंट क्रॉयचा काळा कातळ

अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य बहुतांशी सपाट आहे. मिनिॲपोलिस आणि सेंट पॉल ही जुळी शहरं मागे टाकून ईशान्येकडे निघालं की दोन्ही हातांना मक्याची आणि सोयाबीनची शेतं लागतात. मध्येच एखादं तळं दिसतं, गुरांचं लाल कोठार दिसतं आणि पुन्हा शेतं सुरू होतात. तास-सव्वा तासाने रस्ता एकदम उताराला लागतो, वळण घेतो, आणि उजव्या-डाव्या अंगाला काळ्या दगडाच्या उभ्या भिंती येतात. खाली टेलर्स फॉल्स नावाचं लहानसं गाव आहे आणि गावाच्या पायाशी सेंट क्रॉय नदी. अलीकडचा काठ मिनेसोटाचा, पलीकडचा विस्कॉन्सिनचा. दोन्ही काठांवरच्या उद्यानांचं नाव मात्र एकच, इंटरस्टेट पार्क.

विस्कॉन्सिनच्या बाजूचा भाग मोठा आहे, सुमारे १,३०० एकरांचा. मिनेसोटाकडचा जेमतेम ३०० एकरांचा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांचे आकडे ज्यांनी वाचलेत त्यांना हे क्षेत्र नगण्य वाटेल. यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन यांच्या यादीत या जागेचं नाव येत नाही आणि भारतातून गेलेल्या पर्यटकाच्या वेळापत्रकात तर नाहीच नाही. तरीही दगडाची आवड असलेल्या मराठी माणसाने अमेरिकेत एकच जागा बघायची ठरवली, तर मी त्याला इथं पाठवीन.

विस्कॉन्सिनच्या काठावर समिट रॉक नावाच्या कड्यापर्यंत पायवाट जाते. दगडी पायऱ्या चढून माथ्यावर आलं की नदीचा सगळा रोख एका नजरेत येतो. उत्तरेकडून आलेलं पाणी कातळाच्या दोन भिंतींमध्ये सापडतं आणि पुढे जवळजवळ काटकोनात वळतं. या वळणाला इथले लोक ‘एल्बो’, म्हणजे कोपर म्हणतात, आणि वळणावर पुढे आलेल्या सुळक्याला ‘अँगल रॉक’. भिंतींची उंची कुठे शंभर, कुठे दीडशे फूट, काही ठिकाणी दोनशेच्या घरात. पाण्याचा रंग तांबूस तपकिरी असतो. ती घाण नव्हे. उगमाकडच्या दलदलीतल्या कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचं टॅनिन नदीत उतरतं, त्याचा तो रंग. कड्यांच्या भेगांमध्ये पांढऱ्या पाइनची झाडं उभी आहेत. मूठभर मातीवर शंभर वर्षं कशी काढली असतील, असा प्रश्न त्यांची उघडी पडलेली मुळं बघून पडतो. सप्टेंबरअखेरीला मेपल आणि ओक रंगले की शहरातून गाड्यांची रांग लागते. लोक येतात ते पानांचे रंग बघायला, पण कॅमेऱ्यात काळा दगड आल्याशिवाय राहत नाही, कारण त्या पार्श्वभूमीवरच तांबडा आणि पिवळा रंग उठून दिसतो.

हा दगड ओळखायला मला कोणाला विचारावं लागलं नाही. सह्याद्रीच्या घाटवाटा तुडवलेल्या कोणालाही विचारावं लागणार नाही. तो बेसाल्ट आहे. रायगडाचा, राजगडाचा, वेरूळच्या कैलासाचा जो दगड, त्याच जातीचा. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत, त्यांच्या उभ्या भेगा आहेत, आणि त्या भेगांवरून सुटून खाली पडलेल्या चौकोनी शिळांचा खच आहे. आपल्याकडे पावसाळ्यानंतर कड्याच्या पायथ्याशी असतो तसाच. फरक आहे तो वयाचा, आणि तो फरक पचवायला वेळ लागतो. दख्खनचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला, डायनोसॉरच्या अखेरच्या काळात. सेंट क्रॉयचा लाव्हा ११० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्या वेळी जमिनीवर झाड नव्हतं, गवताची काडी नव्हती, प्राणी तर नव्हताच. समुद्रात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव होते आणि जमीन म्हणजे नुसता उघडा खडक.

त्या काळात उत्तर अमेरिकेचा भूखंड मधोमध फाटायला लागला होता. आजच्या लेक सुपीरियरच्या जागी फाटीचा मध्य होता. तिची एक बाजू नैर्ऋत्येकडे मिनेसोटा, आयोवावरून कॅन्सासकडे गेली आणि दुसरी मिशिगनकडे वळली. एकूण लांबी २,००० किलोमीटरहून जास्त. भूखंड ताणला जात होता, कवच पातळ होत होतं आणि खालचा तप्त रस लांबच लांब भेगांमधून वर येऊन पसरत होता. इथंही शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी डोळ्यांसमोर आणायचा नाही. दख्खनप्रमाणेच भेगांतून आलेला पातळ लाव्हा मैलोन्‌मैल वाहत गेला, थिजला, त्यावर पुढचा थर आला. लेक सुपीरियरच्या तळाखाली या थरांची जाडी काही ठिकाणी २० किलोमीटरच्या आसपास भरते. आपल्या कळसूबाईची उंची दीड किलोमीटरच्या थोडी वर आहे, एवढं लक्षात घेतलं तर त्या जाडीची कल्पना येईल.

आणि मग हे फाटणं थांबलं. ते चालू राहिलं असतं तर मिनिॲपोलिसच्या जागी आज समुद्रकिनारा असता. का थांबलं, यावर भूवैज्ञानिकांमध्ये अजून चर्चा चालू आहे. एक म्हणणं असं की त्याच सुमारास भूखंडाच्या पूर्वेला दुसऱ्या भूखंडाची टक्कर झाली आणि तिकडून आलेल्या दाबाने फट मिटत गेली. पुढे त्याच दाबाखाली मधला पट्टा जुन्या भ्रंशांवरून वर ढकलला गेला आणि खोल गाडलेला बेसाल्ट पृष्ठभागाजवळ आला. या फाटीचा बहुतेक भाग आज वाळूच्या खडकाखाली आणि हिमनद्यांनी टाकलेल्या गाळाखाली दडलेला आहे. बेसाल्ट जड असल्यामुळे तिथं गुरुत्वाकर्षण किंचित जास्त भरतं, त्यावरून शास्त्रज्ञांनी तिचा माग काढला. उघड्या डोळ्यांनी बघायची तर लेक सुपीरियरचा उत्तर किनारा, मिशिगनमधला तांब्याच्या खाणींचा किविनॉ हा भाग, आणि ही नदी, अशा मोजक्या जागा आहेत. एका भूखंडाचे दोन तुकडे होता होता राहिले, त्याची ही साक्ष.

पायवाटेला लागून असलेल्या एका शिळेजवळ मी बराच वेळ बसलो होतो. तिच्यात दोन थरांचा सांधा दिसत होता. खालच्या थराचा माथा भोकाभोकांचा होता, कारण लाव्हा थिजताना त्यातली वाफ आणि वायू वर येऊन तिथं अडकले होते. ती भोकं नंतर खनिजांनी भरली. आपल्याकडे अशा भोकांत झिओलाइट सापडतात आणि पुणे, जळगाव, नाशिक भागातले त्यांचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. इथं पांढरा क्वार्ट्‌झ आणि पोपटी हिरवा एपिडोट दिसतो. काही भोकं मुगाच्या दाण्याएवढी, काही सुपारीएवढी. इथला दगड जमिनीत खोल गाडला गेला, तिथं तो गरम पाण्यात आणि दाबाखाली राहिला, म्हणून त्याचा काळा रंग जवळून बघितल्यावर हिरवट वाटतो. त्या सांध्याच्या वर दुसऱ्या थराचा घट्ट, बिनभोकांचा दगड सुरू होतो. दोन्हींच्या मध्ये बोट ठेवता येतं. पहिला लाव्हा थिजला आणि दुसरा येऊन त्यावर पसरला, त्या मधल्या काळावर ठेवलेलं ते बोट असतं.

बेसाल्टनंतरचा मोठा अध्याय समुद्राचा आहे. साधारण ५० कोटी वर्षांपूर्वी, कँब्रियन काळात, उथळ समुद्र आत आला आणि बेसाल्टचे उंचवटे त्यात बेटं होऊन राहिले. लाटांनी बेटांचे कडे फोडले, शिळा घासून गोल केल्या आणि वाळूत पुरून टाकल्या. टेलर्स फॉल्स गावात हा खडक आजही दिसतो. काळ्या बेसाल्टचे मोठमोठे गोटे फिकट वाळूच्या खडकात घट्ट बसलेले आहेत. त्या काळच्या शिंपल्यांसारख्या जीवांचे ठसेही या वाळूच्या खडकात मिळतात. खालचा बेसाल्ट ११० कोटी वर्षांचा, वरचा वाळूचा खडक ५० कोटींचा, आणि दोन्ही एकमेकांना चिकटून. मधल्या ६० कोटी वर्षांचं इथं काहीही शिल्लक नाही. जे काही साचलं असेल ते सगळं झिजून वाहून गेलं. नदीच्या खालच्या अंगाला गेलं की कड्यांचा रंग बदलतो. काळा दगड संपतो आणि पिवळसर वाळूच्या खडकाचे कडे सुरू होतात. त्यांच्या कडा मऊ, भेगा कमी आणि पायथ्याशी ओलसर सावलीत नेचे वाढलेले.

एवढं सगळं असूनही ही दरी मात्र अगदी अलीकडची आहे. शेवटच्या हिमयुगात या मुलखावर बर्फाचा जाड थर होता. तो वितळत उत्तरेकडे मागे सरकला तेव्हा लेक सुपीरियरच्या पश्चिम टोकाला एक प्रचंड सरोवर साचलं. भूवैज्ञानिक त्याला ग्लेशियल लेक डुलुथ म्हणतात. पूर्वेची वाट बर्फाने अडवलेली होती, म्हणून पाणी दक्षिणेकडे फुटलं आणि सेंट क्रॉयच्या वाटेने मिसिसिपीकडे धावलं. आजची नदी त्या प्रवाहापुढे ओहोळ आहे. १०-११ हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाण्यात वाळू होती, गोटे होते, उत्तरेकडून आलेले ग्रॅनाइटचे धोंडे होते. मऊ वाळूचा खडक त्याने सहज खरवडला. बेसाल्टपाशी आल्यावर मात्र त्याला भेगा शोधाव्या लागल्या. भेगांवरून शिळा उपटत, फोडत त्याने ही अरुंद घळ कोरली. नदीचं ते काटकोनी वळणही कातळातल्या भेगांनीच ठरवून दिलेलं आहे.

आता रांजणखळग्यांविषयी, म्हणजे कातळात कोरल्या गेलेल्या रांजणासारख्या खोल खड्ड्यांविषयी. ज्यांच्यासाठी ही जागा जगातल्या भूवैज्ञानिकांना माहीत आहे ते हेच. मिनेसोटाच्या बाजूला, पुलापासून चार पावलांवर, कातळाच्या पठारावर ते विखुरलेले आहेत. या परिसरात त्यांची संख्या ४०० हून अधिक आहे. काही वाटीएवढे आहेत, काहींत बैलगाडी मावेल. त्यांना नावंही आहेत, लिली पाँड, बेक ओव्हन, अशी. सगळ्यांत खोल आहे तो ‘बॉटमलेस पिट’. नाव बिनबुडाचा असलं तरी बूड सापडलेलं आहे. तोंड १०-१२ फुटांचं आणि खोली ६० फूट. महापुराच्या पाण्याने कोरलेल्या आणि तळापर्यंत मोजलेल्या रांजणखळग्यांत जगात याच्याइतका खोल दुसरा नाही, असं मिनेसोटाचं निसर्गसंपदा खातं सांगतं. कठड्यावरून वाकून बघितलं तर खाली काळं पाणी आणि त्यावर पाइनच्या सुया तरंगताना दिसतात.

एका रांजणाची बाजू फुटलेली आहे. तिथं पायऱ्या केल्या आहेत आणि तळातून आत शिरता येतं. माझा भाचा जुळ्या शहरांतच नोकरीला असतो, तो सोबत होता. आत शिरून त्याने भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, “मामा, हे पाण्याने केलंय? मशीनने केल्यासारखं वाटतंय.” भिंत खरोखरच तशी होती. गुळगुळीत, गोलाई न बिघडलेली, आणि तिच्यावर खालून वर चढत गेलेल्या तिरप्या, उथळ पन्हळी. हात लावला की पाणी कुठल्या दिशेने फिरत होतं ते बोटांना कळतं. वर बघितलं की आकाशाचा एक गोल तुकडा. भिंतीला अर्ध्या उंचीवर ओल होती, तिथं शेवाळ आणि बारीक नेचे होते. त्याच्या वर दगड कोरडा आणि राखाडी दगडफुलाने भरलेला.

हे घडतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. वेगाने जाणारं पाणी कातळातल्या एखाद्या खोलगट जागेवर किंवा भेगेवर आलं की तिथं भोवरा धरतं. भोवऱ्यात वाळू आणि गोटे सापडतात, बाहेर पडू शकत नाहीत आणि गरगरत राहतात. जात्याची खालची तळी जागेवर राहावी आणि वरची फिरत राहावी, तसं हे चालतं. भरड झालेला दगड पीठ होऊन पाण्याबरोबर निघून जातो. खड्डा जितका खोल होतो तितका भोवरा आत बांधला जातो. तळाशी सापडणारे मोठे, चेंडूसारखे गुळगुळीत गोटे लोकांच्या नजरेत भरतात आणि सगळं काम त्यांनीच केलं असं वाटतं. प्रत्यक्षात बरंचसं काम बारीक वाळूचं असतं. ती सतत येत राहते, सतत घासत राहते. इथल्या काही रांजणांच्या तळाशी असे गोटे सापडले. त्यांतले काही या मुलखातल्या दगडाचे नाहीतच. बर्फाने ते शेकडो किलोमीटरवरून आणले.

एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. उद्यान १८९५ साली झालं आणि पुढच्या पाचच वर्षांत त्याच्या दगडावर गंभीर अभ्यास छापून आले. चार्ल्स बर्की यांनी या घळीच्या भूरचनेची पाहणी करून लिहिलं. वॉरन अपहॅम यांनी १९०० साली रांजणांवर निबंध लिहिला. अपहॅम यांचं म्हणणं होतं की बर्फाच्या थराला पडलेल्या भोकांतून धबधब्यासारखं कोसळणाऱ्या पाण्याने हे रांजण पाडले. ते मत आज मागे पडलं आहे. नदीच्या महापुरातल्या भोवऱ्यांनी ते कोरले, असं आता मानतात. पण मत चुकलं म्हणून अपहॅम यांचं काम वाया गेलं नाही. त्यांच्या लिखाणामुळे हे रांजण अभ्यासाचा विषय झाले आणि पुढच्यांना वाद घालायला काहीतरी हातात आलं.

माणसांचा इतिहास या दगडाच्या मानाने काल-परवाचा. १९३६ साली विस्कॉन्सिनच्या बाजूला रस्त्याचं काम करणाऱ्या तरुणांना दलदलीत आज नामशेष झालेल्या जातीच्या रानगव्यांची हाडं सापडली आणि त्यांच्याबरोबर दगडी हत्यारं. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीही इथं शिकारी येत होते. पुढे हा डकोटा आणि ओजिब्वे लोकांचा मुलूख. १८३७ च्या करारांनी त्यांच्याकडून ही जमीन गेली आणि लाकूडतोडे आले. पांढरा पाइन हे त्यांचं सोनं. हिवाळ्यात झाडं पाडायची, ओंडक्यांच्या टोकांवर आपल्या कंपनीचा ठसा मारायचा आणि वसंतात नदी फुगली की पाण्यात सोडून द्यायचे. खाली स्टिलवॉटर गावाजवळ ठसे बघून वाटणी व्हायची.

पण मध्ये नदीचं ते काटकोनी वळण होतं. १८८६ साली अँगल रॉकपाशी ओंडके अडकले आणि मागून येणारे त्यांच्यावर चढत गेले. नदी कड्यापासून कड्यापर्यंत ओंडक्यांनी भरली. लाकूड व्यापाऱ्यांच्या मापाने ते १५ कोटी बोर्ड-फूट लाकूड होतं. शेकडो माणसं, घोडे आणि सुरुंग लावून ती कोंडी फोडायला आठवडे लागले. तोवर शहरातून आगगाड्या भरून लोक ती बघायला येत होते. १९१४ साली शेवटचे ओंडके खाली गेले, कारण वर तोडण्यासारखं जंगलच उरलं नव्हतं. आज कड्यांवर जे पाइन दिसतात ते बहुतेक त्यानंतरचे, किंवा कुऱ्हाड पोचू शकली नाही अशा भेगांतले.

जंगल गेलं, दगड राहिला. पण दगडावरही डोळा होताच. शहरं वाढत होती, रस्त्यांना आणि रेल्वेला खडी लागत होती, आणि बेसाल्टची खडी टणक होते. इथला कातळ सुरुंगाने फोडून खडी करायचा बेत पुढे आला. त्या वेळी सेंट पॉलचा जॉर्ज हॅझर्ड नावाचा माणूस उभा राहिला. तो शास्त्रज्ञ नव्हता, मोठा पुढारीही नव्हता. त्याने वर्तमानपत्रांना हाताशी धरलं, गावोगावच्या लोकांना बोलतं केलं, आमदारांच्या मागे लागला. नदीच्या एकाच काठाला संरक्षण मिळून उपयोग नव्हता. समोरचा कडा फोडला गेला असता तर या बाजूला उभं राहून बघायचं काय? म्हणून दोन्ही राज्यांनी मिळून हे करावं, अशी त्याची मागणी होती. मिनेसोटाच्या विधिमंडळाने १८९५ साली कायदा केला. विस्कॉन्सिनचं उद्यान १९०० साली झालं. दोन राज्यांनी मिळून राखलेलं अमेरिकेतलं हे पहिलं उद्यान आणि विस्कॉन्सिनचं तर पहिलंच राज्य उद्यान. दोन्हींचा कारभार मात्र अजून वेगळा आहे. पूल ओलांडून पलीकडे गेलं की गाडीसाठी दुसऱ्या राज्याचा परवाना घ्यावा लागतो.

राखणं म्हणजे सगळंच वाचलं असं नाही. २०व्या शतकाच्या सुरुवातीला उद्यानाच्या थोडं वर धरण बांधून मिनिॲपोलिसला वीज नेली आणि ज्या धबधब्यांवरून टेलर्स फॉल्स आणि पलीकडचं सेंट क्रॉय फॉल्स ही गावं ओळखली जातात ते पाण्याखाली गेले. १९६० च्या दशकात खालच्या अंगाला कोळशावरचं वीजकेंद्र येऊ घातलं तेव्हा नदीचा प्रश्न पुन्हा पेटला. केंद्र झालंच. पण त्या वादातून विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन आणि मिनेसोटाचे वॉल्टर माँडेल यांनी नदीसाठी दिल्लीदरबारी, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये, जोर लावला. १९६८ साली जंगली आणि निसर्गरम्य नद्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात पहिल्या फटक्यात घेतलेल्या आठ नद्यांमध्ये सेंट क्रॉयचा वरचा भाग होता. १९७२ साली धरणाखालचा भागही त्यात आला. नेल्सन पुढे वसुंधरा दिनाचे जनक म्हणून जगाला माहीत झाले आणि माँडेल उपाध्यक्ष झाले. या नदीत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या सुमारे ४० जाती टिकून आहेत. शिंपला पाणी गाळूनच जगतो, तेव्हा नदीच्या तब्येतीचा यापेक्षा चांगला दाखला नाही.

सुट्टीच्या दिवशी इथं भारतीय कुटुंबं बरीच दिसतात. डब्यांतून पराठे निघतात, आजी-आजोबा बाकावर बसतात, पोरं कठड्यांकडे धावतात. मराठीही कानावर येतं. एका आजोबांना मी रांजण दाखवत होतो. ते शिरूर तालुक्यातले निघाले. त्यांनी खाली बघितलं आणि म्हणाले, “हे तर आपल्या कुंडातलंच.”

त्यांना कुकडीचं कुंड म्हणायचं होतं. पारनेर तालुक्यातलं निघोज आणि पलीकडचं शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, यांच्यामध्ये कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळग्यांची मोठी रांग आहे. काठावर मळगंगा देवीचं ठाणं आहे आणि चैत्रात मोठी यात्रा भरते. तिथंही नदी दोन मुलखांची शीव आहे. अलीकडे अहिल्यानगर जिल्हा, पलीकडे पुणे. तिथंही दगड बेसाल्टच. बर्फ मात्र नाही. आपल्याकडे ते काम पावसाळ्यातल्या पुरांनी केलं, वर्षानुवर्षं, चार महिने घासून आणि आठ महिने थांबून. म्हणून दोन जागा शेजारी ठेवून अभ्यासाव्या अशा आहेत. सेंट क्रॉयचे रांजण आता मृत आहेत. ज्या पाण्याने ते पाडले ते पाणी संपलं, आणि आजच्या नदीच्या पातळीपासून ते कितीतरी उंचावर कोरडे पडले आहेत. कुकडीचे रांजण नदीच्या पात्रातच आहेत. वर धरणं झाल्यामुळे पूर पूर्वीसारखे येत नाहीत, पण जेव्हा पाणी सुटतं तेव्हा घासणं पुन्हा सुरू होतं. जी गोष्ट सेंट क्रॉयला पुस्तकात वाचावी लागते ती निघोजला डोळ्यांदेखत चालू आहे. अनेक रांजण एकमेकांना फुटून मिळालेले दिसतात. त्यांच्या मधल्या भिंती कागदासारख्या पातळ झालेल्या, काही ठिकाणी कमान उरलेली. पुढची पायरी म्हणजे अख्खं पात्रच खोल जाणं. घळ तयार होते ती अशीच.

निघोजला मी गेलो आहे तेव्हा रांजणांत नारळाच्या शेंड्या, हारांची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या तरंगताना बघितल्या आहेत. कातळावर ऑइलपेंटने लिहिलेली नावं बघितली आहेत. याला देवीचा भक्त जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही. कुंड पवित्र आहे ही भावना नसती तर तिथला दगड कधीच फोडला गेला असता, हेही तितकंच खरं. पण हा दगड काय आहे, किती जुना आहे, ही भोकं कशाने पडली, हे तिथं उभ्या असलेल्या माणसाला सांगणारं कोणी नसेल, तर त्याने नुसता खड्डाच बघायचा.

खडीचा प्रश्नही आपल्याकडे १८९५ च्या मिनेसोटापेक्षा मोठा आहे. वाघोली, मोशीच्या खाणींनी पुण्याच्या भोवतालच्या टेकड्या कशा पोखरल्या ते नगर रस्त्याने, नाशिक रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं आहे. घरं लागतात, रस्ते लागतात, तेव्हा खडी लागणारच. हॅझर्डच्या काळातही लागत होती, आणि ती दुसरीकडून आणली गेली. सगळे डोंगर वाचवा असं कोणी म्हणत नाही. कोणता दगड फोडायचा नाही, हे आधी ठरवून त्याची यादी करायला हवी. लोणारचं सरोवर आपल्या भूवारशाच्या यादीत आहे, ते योग्यच आहे. केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. पण निघोजला जे करायचं आहे त्यासाठी कायद्याची वाट बघत बसायची मुळीच गरज नाही.

पारनेर आणि शिरूरच्या महाविद्यालयांत भूगोल शिकवला जातो. तिथल्या प्राध्यापकांना आणि मुलांना माझं सांगणं एवढंच आहे. उन्हाळ्यात कुकडीचं पाणी खाली गेलं की टेप, दोरी आणि वही घेऊन पात्रात उतरा. निसरड्या कडांपासून जपा, एकट्याने जाऊ नका. प्रत्येक रांजणाला क्रमांक द्या, तोंडाचं माप घ्या, खोली घ्या, तळाशी सापडलेला गोटा कुठल्या दगडाचा आहे ते लिहा, फोटो काढा. दोन-तीन उन्हाळ्यांत नकाशा तयार होईल. त्याची एक प्रत निघोज ग्रामपंचायतीत आणि एक टाकळी हाजीच्या ग्रामपंचायतीत लावा. दोन्ही बाजूंना लावा, कारण नदी दोघांची आहे.